झाड आमचे, पाणसोट त्यांचे

संत्र्याच्या बागेत वावरलेल्या माणसाला पाणसोट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर उठणारा तो हिरवागार, जोमदार, काटेरी फुटवा. नवख्या माणसाला वाटते, काय झाड जोर धरते आहे! जाणत्याला ठाऊक असते की हा झाडाचा रस पितो आणि फळ देत नाही. म्हणून फळे उतरली की शेतकरी कात्री घेऊन बागेत शिरतो आणि पाणसोट काढून टाकतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकांपुढे मी आज जो विषय मांडणार आहे तो सिनेमाचा आहे. पण त्याचे वर्म या पाणसोटात आहे, म्हणून सुरुवात बागेपासून केली.

आमच्या मळ्यात विहिरीच्या काठी एक पिंपळ आहे आणि पिंपळाच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड आहे. तो आमचा मुंजा. हंगामाचे पहिले फळ त्याच्यापुढे ठेवायचे, मग घरी न्यायचे, ही रीत मी वडिलांकडून घेतली आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन तिथे गेलो. पोराने दगडाकडे पाहिले, पिंपळाकडे पाहिले आणि विचारले, "आबाजी, यही है क्या मुंज्या? ये तो कुछ करता ही नहीं!" मी काही बोलणार तोच त्याने दुसरा प्रश्न टाकला, "इसका पार्ट टू कब आएगा?"

पोराचा दोष नाही. त्याने 'मुंज्या' नावाचा हिंदी चित्रपट पाहिला होता. त्यातला मुंज्या उड्या मारतो, माणसांच्या मानगुटीवर बसतो आणि 'मुन्नी'शी लग्न लावून द्या म्हणून जिवावर उठतो. त्यापुढे आमचा दगड फिका पडणारच. पण पोराच्या दुसऱ्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. ज्या मुंजाला आमच्या चार पिढ्यांनी फळ वाहिले, तो आता कोणत्या तरी कंपनीच्या वेळापत्रकातला एक आकडा झाला होता.

आधी मुंजा म्हणजे कोण ते नव्या पिढीसाठी सांगतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो बटू वारला, त्याचा जीव पिंपळावर राहतो, अशी समजूत. घरात घेतला नाही, संसारात पडला नाही, असा तो अर्ध्यावर राहिलेला मुलगा. त्याची भीती वाटते, पण त्याहून जास्त त्याची कीव येते. शेतकऱ्याने त्याला बांधावर जागा दिली, शेंदूर दिला आणि राखणदार केला. माझी आजी सांगायची, "भर दुपारी मोट हाकू नोको बाप्पा, मुंजा नाडा कापते." लहानपणी मला ते भुताचे वाटे. पुढे कळले की ज्या घरात मुंजाचा धाक होता त्या घरच्या बैलांना दुपारी सावलीत उभे राहायला मिळत होते. आता सांगा, याहून मोठा 'सुपरहिरो' कोणता? अंगात तंग कपडे नाहीत, पाठीवर झूल नाही, जग वाचवण्याची बढाई नाही. त्याची सत्ता पिंपळाच्या सावलीएवढी आणि त्या सावलीत तो दोन मुक्या जिवांना वाचवतो.

आता सिनेमाकडे येतो. २०१८ साली 'स्त्री' नावाचा चित्रपट आला. त्याची कथा आमच्याच मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडते. चंदेरी म्हटले की आमच्या घरच्या बायकांना आजवर साडी आठवत असे. आता भूत आठवते. चित्रपट गमतीदार होता, मलाही आवडला. तो चालला. मग २०२२ साली अरुणाचलच्या जंगलातला 'भेडिया' आला. ७ जून २०२४ रोजी कोकणातला 'मुंज्या' आला, त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'स्त्री २', आणि २०२५ च्या दिवाळीत 'थामा'. हे सगळे एकाच निर्मितीसंस्थेचे आणि एकमेकांना दावणीने बांधलेले. 'मुंज्या' संपतो, नावे सुरू होतात आणि तेवढ्यात 'भेडिया'चा नायक पडद्यावर येऊन जातो. 'स्त्री २' मध्येही तो हजर. अशा फुटव्यांना चित्रपटवाले 'स्पिन-ऑफ' म्हणतात आणि सगळ्या बागेला मिळून 'युनिव्हर्स', म्हणजे ब्रह्मांड! २ जानेवारी २०२५ रोजी या ब्रह्मांडातल्या आठ चित्रपटांच्या तारखा, पार २०२८ पर्यंतच्या, एका दमात जाहीर झाल्या. त्यात 'महामुंज्या' आहे आणि शेवटी एक नव्हे, दोन महायुद्धे आहेत. तारखा मागेपुढे सरकतात, सरकतील. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की कथा सुचण्याआधी तिची तारीख ठरते. आमच्याकडे मूल जन्मल्यावर पत्रिका मांडतात. इथे पत्रिका आधी छापून मग मुलाची वाट पाहतात.

यावर तरुण मंडळी मला तीन उत्तरे देतात. तिन्ही ऐकण्यासारखी आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिले उत्तर असे की, आबाजी, एका कथेतून दुसरी निघणे ही तर आपलीच परंपरा आहे. वेताळपंचविशी काय आहे? महाभारतातली उपाख्याने काय आहेत?

अगदी बरोबर. म्हणूनच तर मला राग येतो. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आणि वेताळ पंचवीस गोष्टी सांगतो. पण त्यातली कोणतीही एक गोष्ट काढा, ती पुरी आहे. तिच्या शेवटी प्रश्न आहे, आणि तो प्रश्न न्यायाचा आहे. पुढच्या तिकिटाचा नाही. नलदमयंतीचे आख्यान घ्या. ज्याने महाभारताचे एक पानही उघडले नाही, तो कीर्तनात बसून नलाची कथा ऐकतो आणि डोळे पुसत घरी जातो. बुवा त्याला असे सांगत नाहीत की, अर्धी कथा आज ऐका, बाकीची समजायची असेल तर आधी सौंसरचे कीर्तन ऐकून या आणि मग पांढुर्ण्याचे.

आणि एका कथेतला वीर दुसऱ्या कथेत येण्याचेच म्हणाल, तर त्याचा आद्य नमुना आमच्या शेजारी आहे. सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती आपण सर्वांनी पाहिला आहे. पिंपळाखाली आडवा पहुडलेला. ते रूप पाहिले की मला वनपर्वातला प्रसंग आठवतो. भीम फुलासाठी रान तुडवीत निघाला आहे आणि वाटेत एक म्हातारे वानर आडवे पडले आहे. शेपटी बाजूला कर म्हणून भीम दरडावतो. वानर म्हणते, म्हातारा आहे बाबा, तूच उचलून ठेव. भीमाला ती शेपटी हलत नाही. रामायणातला वीर महाभारतात आला, भीमाचा गर्व उतरवला, थोरल्या भावासारखा आशीर्वाद दिला आणि गेला. तो आला नसता तर भीम जसा होता तसाच राहिला असता. पाहुणा आल्याने घरात काहीतरी घडले पाहिजे, ही माझी कसोटी. 'मुंज्या'च्या शेवटी जो पाहुणा येतो तो घरात काही करत नाही. तो पुढच्या लग्नाची पत्रिका वाटून जातो.

आमच्या पिढीलाही एक वेताळ भेटला होता. इंद्रजाल कॉमिक्सच्या चित्रकथा १९६४ पासून १९९० पर्यंत निघत होत्या आणि त्यातला परदेशी 'फँटम' मराठीत 'वेताळ' होऊन आला होता. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, काळा पहाड होता. नायक तोच, पुस्तक मात्र दरवेळी पुरे. चार आण्याला भाड्याने आणलेले पुस्तक वाचून परत केले की कोणाचे देणे राहत नसे. म्हणजे एका नायकाच्या अनेक गोष्टींना माझा विरोध नाही, हे लक्षात घ्यावे. झाडाला फांदी फुटावी. तिला फळ यावे एवढेच मागणे आहे.

अमेरिकेत हे झाड कसे वाढले तेही पाहा. २००८ साली 'आयर्न मॅन' आला. नावे संपल्यावर एका डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस येऊन एका मोठ्या मंडळाची गोष्ट काढून गेला. इथून ती चाल पडली. अकरा वर्षे त्यांनी धागा ओढला आणि २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये गाठ मारली. जगभर लोक रडले. खरे सांगायचे तर तिथे 'सुफळ संपूर्ण' म्हणायची वेळ होती. पण दुकान चालू ठेवायचे होते. मग फुटव्याला फुटवे आले, चित्रपट कळण्यासाठी आधी मालिका पाहाव्या लागू लागल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मधला 'द मार्व्हल्स' त्या साऱ्या मालिकेत सर्वांत कमी गल्ला जमवणारा ठरला. प्रेक्षकाने कात्री हातात घेतली ती अशी. आमच्याकडे मात्र त्यांचे खत अजून नवीन म्हणून विकले जाते आहे. हिंदीत तर २००६ च्या 'क्रिश'नंतर २०१३ साली एकदम 'क्रिश ३' आला. मधला दुसरा कुठे गेला म्हणून पोरे शोधत राहिली. २००३ चा 'कोई मिल गया' पहिला धरायचा, हे हिशेब जुळवून सांगावे लागले. गोष्ट सांगण्याआधी पाढे म्हणवून घेण्याचा हा प्रकार.

आता संगीताबद्दल. या विषयात लोक संगीताला शेवटी ठेवतात, माझ्या मते नाडी तिथेच सापडते.

विदर्भात आणि आपल्या भागात रात्री डहाका घुमतो तेव्हा ज्या देवाला हाक मारायची त्याचे गाणे म्हणतात. पोळ्याच्या झडत्या पोळ्यालाच शोभतात. भुलाबाईची गाणी कोजागिरी आटोपली की पुढच्या वर्षापर्यंत मिटतात. ज्याची चाल त्याला. सिनेमाच्या वीरालाही हाच नियम लागू आहे. १९७८ च्या 'सुपरमॅन'साठी जॉन विल्यम्स यांनी जी धून बांधली ती त्या माणसाच्या अंगाला इतकी चिकटली की २००६ च्या चित्रपटाला ती घ्यावी लागली आणि २०२५ च्या चित्रपटालाही. धून वाजली की डोळे मिटले तरी तो उडताना दिसतो. आमच्या 'मिस्टर इंडिया'चे १९८७ साली हेच झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चाली गावोगावच्या बँडवाल्यांनी उचलल्या. त्या चित्रपटातला अदृश्य होणारा माणूस एका पडक्या घरातल्या अनाथ पोरांसाठी लढतो, शेवटी पोरांकडे परत येतो, आणि गोष्ट संपते. गोष्ट संपली म्हणून गाणे उरले.

याउलट 'आयर्न मॅन'चे तीन चित्रपट २००८, २०१० आणि २०१३ साली आले आणि तिन्हींना तीन वेगळे संगीतकार. तीन हातांनी तीन धुनी बांधल्या. आता त्यातली एक गुणगुणून दाखवा! पोरांना नायकाचे चिलखत तोंडपाठ असते, धून आठवत नाही. कारण उघड आहे. ज्या नायकाला पुढे दहा जणांच्या घोळक्यात उभे करायचे आहे, त्याला स्वतःची चाल देऊन चालत नाही. सगळ्यांना बसेल असा अंगरखा शिवला की तो कोणालाच नीट बसत नाही.

भुतांच्या या हिंदी ब्रह्मांडात उलट टोक गाठले आहे. 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या', 'स्त्री २', 'थामा', सगळ्यांची गाणी सचिन-जिगर या एकाच जोडीची. जोडी गुणी आहे, याबद्दल वाद नाही. पण चंदेरी, अरुणाचल आणि कोकण या तीन मुलखांच्या भुतांना एकाच मांडवात एकाच ठेक्यावर नाचवायचे, तर मुलूख कुठे राहिला? 'मुंज्या'चे जे गाणे लग्नाच्या वरातीत वाजते ते 'तरस'. ठेका झकास आहे, त्यात कोकण मात्र औषधालाही नाही. ज्या मातीतून मुंजा उचलला तिथे डफ आहे, मृदंग आहे, खालू बाजा आहे. चित्रपटाने कथेला मातीचे नाव दिले आणि तिच्या नरड्याला दुसऱ्याचा आवाज लावला.

इथे तरुणांचे दुसरे उत्तर येते. ते म्हणतात, निदान आपला मुंजा साऱ्या देशाला कळला ना! चित्रपटाने शंभर कोटींच्या वर धंदा केला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठीच आहेत, मग कुरकुर कशाची?

हे उत्तर मला जास्त टोचते, कारण त्यात तथ्य आहे. याच सरपोतदारांनी मराठीत 'फास्टर फेणे' २०१७ साली केला, 'झोंबिवली' २०२२ साली केला. २०१५ साली निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदेला घेऊन 'बाजी' नावाचा मुखवटेवाला वीर मराठीत आणला होता. हे चित्रपट आपण किती जणांनी पाहिले? सौंसरहून नागपूर काही लांब नाही. संत्र्याचा ट्रक घेऊन आपण जातोच की कळमन्याला. मराठी वीराला आपण तिकीट दिले नाही आणि तोच मराठी माणूस हिंदीत गेला तेव्हा अभिमानाने छाती फुगवली. दिग्दर्शकाला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. दोष असलाच तर गिऱ्हाइकाचा, म्हणजे तुमचा-माझा आहे.

पण 'आपला मुंजा देशाला कळला' हे मात्र मी मानत नाही. देशाला कळला तो लग्नासाठी हपापलेला संगणकी बटू. बैलांना सावलीत उभे करणारा, अर्ध्यावर राहिल्यामुळे हळहळ लावणारा मुंजा कळला नाही. आणि वाईट असे की तो माझ्या नातवालाही आता कळेनासा झाला. पुण्या-मुंबईच्या मुलाने हा चित्रपट पाहिला तर त्याच्याजवळ मराठी शाळा असते, मराठी नाटक असते, पडताळून पाहायला आजूबाजूला मराठी असते. आमची गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. एका मोठ्या कथेतून तुटून निघालेले प्रकरण म्हणजे आम्हीच! २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे फुटव्याला फुटवा. फुटवा जगवायचा तर त्याला स्वतःचे मूळ लागते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

माझ्या घरातल्या पोरांचे पुस्तक हिंदीत, खेळ हिंदीत, सिनेमा हिंदीत. हिंदीशी माझे भांडण नाही. तिच्यावर आमचे पोट चालले आहे आणि तिच्यातही आमची नाती आहेत. पण मराठी आमच्या घरात उरली आहे ती चार-दोन जागी. देवघरात, स्वयंपाकघरात, भांडणात आणि आजीच्या गोष्टीत. त्यातली गोष्टीची जागा गेली, तर 'मुंजा' हा शब्द पोराला हिंदीतून परत येतो, 'मुंज्या' होऊन, वर 'पार्ट टू' लावून. आपलेच धान्य बाजारातून पुड्यात बांधून विकत आणावे तसे.

तिसरे उत्तर सर्वांत सोपे: करमणूकच आहे, एवढे काय मनावर घ्यायचे! त्याला माझे उत्तरही सोपे आहे. पोरांनी सिनेमा पाहावा, खुशाल पाहावा, मीही पाहीन. मनावर घ्यायचे आहे ते एवढेच की, न संपणाऱ्या गोष्टीची सवय लागलेल्या मुलाला संपलेली गोष्ट अर्धवट वाटू लागते. आपल्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' म्हणून मिटत. त्या दोन शब्दांनंतर ऐकणाऱ्याचे काम सुरू होई. नलाने असे का केले असेल, वेताळाच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले असते, याचा विचार अंथरुणात पडल्यावर चाले. आता पुढचा विचार कंपनी करते. पोराने फक्त वाट पाहायची. ज्याची गोष्ट कधी संपत नाही, त्याला स्वतःची सुरू करायला सवड मिळत नाही.

मग करायचे काय? बंदी, मोर्चा, निवेदन यांपैकी मला काही नको. आपल्या दोन्ही तालुक्यांत जेवढे पिंपळ आहेत त्यातल्या कित्येकांखाली मुंजाचा दगड आहे, आणि प्रत्येक दगडाची निराळी हकीकत आहे. कोणी नाडा कापतो, कोणी हरवलेली गाय दाखवतो, कोणी चोराला रात्रभर बांधावर फिरवतो. त्या हकिकती ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. या दिवाळीत चार दिवस पोरे घरी आहेत. एक वही घ्या, घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यांच्या बोलीत जशी आहे तशी गोष्ट उतरवून घ्या. 'नोको' म्हणाले तर 'नोको'च लिहा, शुद्ध करत बसू नका. गाणे असेल तर चालीसकट मोबाइलवर धरून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अंकात अशा दहा हकिकती छापून आल्या तरी माझ्या या तणतणीचे सार्थक झाले असे मी समजेन.

नातवाला मी त्या रात्री आजीची गोष्ट सांगितली. मोट, नाडा, सोंदूर हे शब्द समजावतच निम्मी रात्र गेली, कारण त्याने मोट पाहिलेली नाही. मुंजाने नाडा कापला, मोट विहिरीत पडली, बैल सावलीला उभे राहिले, आणि तेव्हापासून आमच्या मळ्यात दुपारी काम बंद. गोष्ट संपली.

"फिर?" पोराने विचारले.

"फिर काही नाही. संपली."

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटले, झोपला. मग अंधारातून मराठीत प्रश्न आला, "आबाजी, बैलाईले मालूम होतं का, नाडा कोनं कापला थे?"

याचे उत्तर मला आजीने सांगितले नव्हते. ते आता त्याचे त्याला शोधायचे आहे.